ओंजळीखालचा हात

आजोळी पहाटे वासुदेव यायचा. चिपळ्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आजी मला हाक मारायची. कणगीतली ज्वारी सुपात काढलेली असायची. ती माझ्या दोन्ही हातांची ओंजळ करायची, सुपातून भरायची आणि त्या ओंजळीखाली स्वतःचा एक हात धरायची. पाच वर्षांच्या मुलीच्या ओंजळीत मावून मावून किती मावणार! आजीनं सूपच झोळीत रिकामं केलं असतं तर काम क्षणात उरकलं असतं. पण तसं तिनं कधी केलं नाही. ओसरीपासून झोळीपर्यंत माझ्या तीन-चार खेपा व्हायच्या, बोटांच्या फटींतून गळणारे दाणे तिच्या तळहातावर पडायचे, मोरपिसांच्या टोपीतला तो माणूस कमरेत वाकून झोळी माझ्या उंचीला आणायचा आणि 'दान पावलं' म्हणायचा. मला वाटायचं, मीच दिलं.

दान म्हणजे काय, का द्यावं, यावर आजी माझ्याशी एक वाक्यही बोलल्याचं आठवत नाही. शाळेत मात्र फळ्यावर रोज एक सुविचार असे. त्यातला एकही मला आज आठवत नाही आणि ज्वारीचा तो खरबरीत थंडपणा अजून तळव्यांना कळतो. असं का व्हावं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता. मुलं देणं कशी शिकतात, यावर मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत केलेलं काम वाचताना त्याचं उत्तर थोडंथोडं उलगडत गेलं.

अमेरिकेत जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा होता. तिसरी-चौथीतल्या मुलांना चेंडू टाकून गुण मिळवायचा एक खेळ दिला. जिंकलं की बक्षिसाची कुपनं मिळत, आणि हवी तर त्यातली काही गरीब मुलांसाठी ठेवलेल्या डब्यात टाकता येत. मुलाच्या आधी एक नमुन्याची व्यक्ती हा खेळ खेळून दाखवी. कधी ती डब्यात कुपनं टाकी, कधी स्वतःकडे ठेवी. शिवाय तोंडानं कधी 'द्यायला हवं' असं सांगे, कधी उलट बोले. कृती एक आणि बोलणं दुसरंच, अशा जोड्याही मुद्दाम लावल्या होत्या. नंतर मूल एकटं खेळायला लागलं की ते किती टाकतं ते पाहायचं. मुलांच्या हातावर परिणाम दिसला तो कृतीचा. उपदेश कानावर पडला होता, पण डब्यापर्यंत पोहोचला नाही.

या प्रयोगातली व्यक्ती मुलांना अनोळखी होती आणि तिचा सहवास काही मिनिटांचा होता. तेवढ्यातही मुलं तिच्या हाताकडे पाहत होती. मग जी आजी दहा वर्षं रोज डोळ्यांसमोर आहे, जिच्या कुशीत झोपायचं आणि जिच्या हातचं जेवायचं, तिच्या हातांकडे मूल किती निरखून पाहत असेल!

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त विचार करायला लावते. पीटर ब्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतली आणि ग्रामीण भारतातली ३ ते ८ वर्षांची मुलं होती. प्रत्येक मुलासमोर त्याच्या स्वतःच्या पालकानं १० वस्तूंपैकी काही दुसऱ्या मुलासाठी द्यायच्या होत्या. काही पालकांनी फक्त १ दिली, काहींनी ९. पालकाचा हात आखडता पाहिल्यावर मुलांनीही हात आखडता घेतला, आणि हे दोन्ही समाजांत घडलं. पालकाचं सढळ देणं पाहून स्वतःचं देणं वाढवणारी मुलं मात्र प्रामुख्यानं भारतीय गावांतली होती, आणि त्यांतही थोडी मोठी. म्हणजे कंजूषपणा मूल चटकन उचलतं, कोवळ्या वयातही उचलतं. उदारपणा उचलायला वेळ लागतो आणि भोवतालच्या समाजाची साथ लागते. एकदा पाहिलं आणि शिकलं, असं ते होत नाही. वासुदेव रोज सकाळी यावा लागतो.

मूल मुळात आपमतलबी असतं आणि त्याला माणूस करावं लागतं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही, आणि त्याला आधार आहे. जर्मनीतल्या लायपझिगमधले फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली १८ महिन्यांच्या २४ बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. अनोळखी माणसाच्या हातून कपड्यांचा चिमटा पडला आणि त्याचा हात पोहोचत नाही, हात भरलेले असल्यामुळे कपाटाचं दार उघडता येत नाही, असे प्रसंग त्यांच्यासमोर घडवले. २४ पैकी २२ बाळांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली. कुणी सांगितलं नव्हतं, बदल्यात काही मिळणारही नव्हतं. कॅनडात लारा ॲकनिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या चेहऱ्यांवरचा आनंद मोजला. मुलांना खाऊ मिळाला तेव्हापेक्षा त्यांनी तो बाहुल्याला भरवला तेव्हा ती जास्त खुलली. आणि सर्वांत जास्त कधी खुलली? आपल्या स्वतःच्या वाटीतला खाऊ दिला तेव्हा. प्रयोगकर्त्यांनी हातात ठेवलेला जादा खाऊ देताना तेवढी नाही.

हे घरोघरी दिसतं. सव्वा-दीड वर्षांचं मूल तोंडातलं चघळलेलं बिस्किट काढून समोरच्याच्या ओठांना लावतं. आई-बाबा 'शी' म्हणून मान फिरवतात, कारण ऑफिसला निघायचं असतं, कपडे इस्त्रीचे असतात. आजोबा तोंड उघडतात. दात नसलेल्या तोंडानं ते भिजकं बिस्किट खातात आणि 'वा!' म्हणतात. मुलाच्या आयुष्यातलं ते बहुधा पहिलं दान, आणि ते घेणारा माणूस आजोबा. देणं शिकवायचं तर आधी मुलाकडून घेता यावं लागतं. हे मला उशिरा कळलं, पण त्या आजोबांना कुणी न शिकवता ठाऊक असतं.

आजी-आजोबांचंच हे काम का, याला माणसाच्या इतिहासातही एक धागा सापडतो. टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात हाद्झा नावाचे लोक राहतात. शिकार, मध, फळं आणि जमिनीतले कंद यांवर त्यांचं पोट. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात तिथे कोण किती अन्न आणतं याच्या नोंदी घेत होते. मूलबाळ होण्याचं वय उलटलेल्या म्हाताऱ्या बायका तरुण बायकांपेक्षाही जास्त वेळ कडक जमीन खणताना त्यांना दिसल्या. खोलवरचे हे कंद उकरायला ताकद आणि सराव लागतो, लहान मुलांना ते जमत नाही. घरात नवं बाळ आलं की आईचा वेळ त्यात जातो. अशा वेळी अंगावरून सुटलेल्या थोरल्या मुलाचं वजन वाढणं त्याच्या आजीच्या खणण्यावर अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं. पाळी थांबल्यावरही स्त्री इतकी वर्षं का जगते, या प्रश्नाचं एक उत्तर हॉक्स यांनी यातून मांडलं. आजीच्या आणलेल्या अन्नावर नातवंडं तगली, आणि दीर्घायुष्य पुढच्या पिढ्यांत उतरत गेलं. या मांडणीवर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला त्यातलं एक चित्र मात्र सोडत नाही. ऊन तापलंय, म्हातारी बाई काठीनं जमीन खणते आहे, शेजारी उकिडवं बसलेलं मूल पाहतं आहे, आणि निघालेला कंद ती स्वतः खाण्याआधी त्याला देते आहे. माणसाच्या मुलानं औदार्य पहिल्यांदा असंच पाहिलं असेल.

महाराष्ट्रात या पाहण्याची एक विलक्षण गोष्ट विनोबांनी सांगून ठेवली आहे. १८९५ साली गागोद्याला, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, त्यांचा जन्म झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, त्यामुळे बालपण आजोबा शंभुरावांच्या घरात गेलं. त्या घरात एक आंधळे म्हातारे गृहस्थ राहत. मुलं त्यांना घरातलेच, नात्यातले समजत. त्यांचं जेवणखाण, त्यांची विचारपूस बाकी सगळ्यांसारखीच होई. पुढे कुटुंब बडोद्याला गेल्यावर ते वारल्याची बातमी आली, आणि घरात कुणी सुतक पाळलं नाही. मुलाला नवल वाटलं, त्यानं आईला विचारलं. तेव्हा कळलं की त्यांचं आपल्याशी काहीच नातं नव्हतं. त्यांना कुणी नव्हतं म्हणून ते आपल्या घरी होते.

मी ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. इतकी वर्षं एका घरात एक निराधार माणूस राहतो आणि आपण उपकार करतो आहोत याचा वासही घरातल्या मुलांना येत नाही! आजोबांनी, आईनं, कुणीही ते बोलून दाखवलं नाही. मुलांना शिकवण्यासाठी म्हणूनसुद्धा नाही. त्याच घरात फणस पिकला की गरे आधी शेजारपाजारी वाटायला विनोबांची आई रुक्मिणीबाई मुलांनाच पाठवायची, आणि मगच मुलांच्या वाट्याला गरे यायचे. हाच मुलगा पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत उभा राहिला. तिथल्या भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली होती, आणि गावातल्याच एका जमीनदारानं १०० एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा कित्येक वर्षं देशभर पायी फिरून लोकांकडे जमीन मागत राहिले. भूदानाच्या यशापयशाची चर्चा वेगळी आहे. पण माणूस देईल, मागितलं तर नक्की देईल, हा जो अढळ भरवसा त्यांच्यापाशी होता, तो त्यांनी पुस्तकांतून मिळवला असेल असं मला वाटत नाही. तो गागोद्याच्या घरातला होता.

अशी घरं एकेकटी नव्हती, त्यांच्या मागे रीती उभ्या होत्या. जेवायला बसण्याआधी गाईचा घास निघे. वैशाखात दारात लाल फडकं गुंडाळलेला रांजण बसे आणि तो भरायचं काम नातवंडांकडे असे. शेजारून आलेली वाटी घासूनपुसून परत जाई, पण रिकामी जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी तिच्यात पडे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य जमवलं जाई. त्यालाच मुष्टिफंड म्हणत. आपल्या घरातलं धान्य रोज एक मूठ बाजूला पडताना पाहणाऱ्या पोराला कुठल्याशा अनोळखी पोराच्या भुकेचा हिशेब न सांगता कळत असणार.

एवढं सांगून थांबले तर मी खोटं लिहीन. कारण याच ओसरीवर, याच आजी-आजोबांच्या हातून, आणखीही काही दिलं गेलं आणि तेही मुलांनी तितक्याच निमूटपणे उचललं. शिळी भाकरी वरून टाकणं, पाणी हाताला हात न लागू देता उंचावरून ओतणं, अंगणाबाहेर उभं करून देणं. वर्षभर राबलेल्या माणसाला खळ्यावर मिळणारं बलुतं हा त्याचा मोबदला होता, पण तो त्याच्या पदरात पडायचा उपकारासारखा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा त्या 'देण्या'ची घेणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसलेली बाजू मराठी मध्यमवर्गाला वाचावी लागली. त्याच्याही कितीतरी आधी, मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना उष्टंशिळं घेणं सोडा असं कळकळीनं सांगितलं होतं. मूल काय दिलं एवढंच पाहत नाही. कसं दिलं, कुठे उभं करून दिलं, ताजं की उरलेलं, देणाऱ्याची मान कशी होती, हे सगळं ते पाहतं. माझ्या आजोळी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता, खिडकीच्या वरच्या फळीवर पालथा. आजी त्यांना पोटभर खाऊ घालायची, त्यांच्या मुलीच्या लग्नात तिनं लुगडं नेलं, आणि तो कप मात्र वेगळाच राहिला. ज्या वयात मी ओंजळ भरून द्यायला शिकले त्याच वयात तो कप वेगळा ठेवायलाही शिकले. पहिलं शिकल्याचं मला आठवत होतं. दुसरं शिकल्याचं कळायला कॉलेजपर्यंत वेळ लागला, आणि ते पुसून काढायला त्याहून जास्त.

याच आजीचं एक वेगळं रूप आषाढाच्या तोंडावर दिसायचं. आजोळ लोणंदहून फलटणकडे जाणाऱ्या पालखीच्या वाटेवर. माऊलींची पालखी यायच्या आधी दोन दिवस घरात पिठल्याची आणि भाकरीची तयारी सुरू व्हायची. वारकऱ्यांना पाणी द्यायला आम्ही मुलं रस्त्याकडेला तांब्या-पेला घेऊन उभी असायचो. एखादे सत्तरीचे आजोबा पाणी प्यायचे आणि आम्हा चिल्लीपिल्लींच्या पायांना हात लावून 'माऊली' म्हणायचे. मी घाबरून मागे सरायची. आजी मागून म्हणायची, "तूबी वाक की गं." मग मी वाकायची. त्या गर्दीत कोण कुठला, कोण कोणत्या आळीतला, हे आजी विचारत नसे. वर्षातले ते दोन-तीन दिवस तिचा तो वेगळा कप कुठे जात असे, हे मी तिला विचारायला हवं होतं.

आता थोडं कौतुकाबद्दल. नातवंडानं काही दिलं की चॉकलेट हातावर ठेवायचा मोह आजी-आजोबांना फार होतो. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर याचाही प्रयोग करून पाहिला. मदत केल्यावर ज्यांना वस्तूरूपात बक्षीस मिळालं, ती मुलं पुढे बक्षीस बंद होताच कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांची मदत मात्र चालू राहिली, आणि नुसत्या शाबासकीनंही काही बिघडलं नाही. कॅनडातल्या जोन ग्रुसेक आणि एरिका रेडलर यांच्या १९८० च्या अभ्यासात शब्दांतला एक बारीक फरक पुढे आला. गोट्या वाटून देणाऱ्या काही मुलांना 'हे चांगलं काम केलंस' असं सांगितलं, तर काहींना 'तू इतरांना मदत करणाऱ्यातला आहेस' असं. आठ वर्षांच्या आसपासच्या मुलांत दुसऱ्या बोलण्याचा ठसा टिकला. नंतर अगदी वेगळ्या प्रसंगीही ती मुलं जास्त देती झाली. आपल्या आज्या 'आमची ठमी हाताची मोकळी आहे हो' असं शेजारणीला सांगायच्या, ठमीला ऐकू जाईल इतपत. त्यात काय चाललेलं असे ते आता कळतं. ठमी मग हाताची मोकळी होण्यावाचून काय करणार!

आता घरं बदलली. वासुदेव फ्लॅटच्या गेटावर अडतो. आजी-आजोबा एका शहरात आणि नातवंडं दुसऱ्या शहरात, किंवा साता समुद्रांपलीकडे. देणगी मोबाइलवर एका बोटानं जाते. ती जरूर जावी, पण मुलाला आजोबा मोबाइल पाहताना दिसतात, देताना दिसत नाहीत. म्हणून मला वाटतं, घरातलं एखादं तरी देणं हातानं व्हावं आणि ते लहान हातातून जावं. उन्हाळ्यात पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाणी नेऊन देण्याचं काम नातवाचं असावं, आणि घरात जो पेला पाहुण्यांना तोच त्यालाही मिळावा. जुनी खेळणी देताना मोडकी बाजूला काढून चांगली निवडायचं कामही त्याचंच. घरात मदतीला येणाऱ्या ताईंना दिवाळीचा फराळ फराळाच्या दिवशीच मिळावा, भाऊबीज उलटल्यावर नाही. आणि मूल हट्टानं 'देणार नाही' म्हणालं तर त्याच्या हातातून ओढून दुसऱ्याला देऊ नये. त्यातून ते ओढून घेणं शिकतं. अशा वेळी आजोबांनी आपलं पुढे करावं आणि गप्प बसावं.

माझी आई आता आजी आहे. पुण्यात आमच्याकडे असते तेव्हा शेजारच्या कानडी बाईंशी तिची भाषेवाचून मैत्री चालते, वाट्यांची ये-जा करून. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडून बिसीबेळे भाताचं पातेलं आलं. दुसऱ्या दिवशी ते घासून ओट्यावर पालथं होतं. माझ्या सात वर्षांच्या मुलानं ते सरळ केलं आणि विचारलं, "आजी, यात काय घालायचं?"

"बघ काय आहे ते," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

टोपलीत दोन सीताफळं होती, त्याच्यासाठीच आणलेली. एक मोठं, डोळे उघडलेलं, आजच खाण्याजोगं. एक लहान आणि दडस. त्यानं दोन्ही हातांत दोन घेतली. बराच वेळ तसाच उभा राहिला. "आजी, कुठलं?" त्यानं विचारलं. आईनं वर पाहिलं नाही, तिचं तांदळातले खडे वेचणं चालूच होतं. मी काहीतरी बोलणार होते, पण तिनं डाव्या हाताची दोन बोटं नुसती किंचित उचलली आणि मी थांबले. दार उघडल्याचा आवाज आला, मग शेजारची बेल वाजली.

संध्याकाळी टोपलीत पाहिलं. लहान सीताफळ तिथेच होतं.